पुसलेला बांध

मोठा पाऊस सरत आला की ह्या डोंगरउतारावरची शेतं आपोआप आखली जातात. दोन शेतांच्या मधे इतोका लावायची इथली रीत. कांद्यासारखा गड्डा, लांब हिरवी पात, आणि पावसाच्या शेवटी वर येणारी पांढरी फुलं. बकरा कापून, वडीलधाऱ्यांना बसवून गड्डा एकदा जमिनीत घातला की तो बांध. मग तो उपटायचा नाही, सरकवायचा नाही. बाप मेला तरी इतोका पोरांना सांगत राहतो, इथवर तुझं, तिथून त्याचं.

गाथोनीच्या शेताला तीन बाजूंनी फुलं आली होती. चौथ्या बाजूला, म्हणजे वाहोमेच्या, तिच्या धाकट्या दिराच्या शेताकडं, फूल तर नव्हतंच, पण पातही नव्हती. तिथं नुसतं कमरेएवढं गवत डोलत होतं.

आधी तिला वाटलं, पात गवतात हरवली असेल. गेल्या कोरड्या हंगामात सरकारनं सगळ्या बायका चार महिने गावात कोंडल्या होत्या, शेताकडं कुणाला फिरकू दिलं नव्हतं. शेतं रान होऊन गेली होती. आताही दुपारची शिट्टी झाली की फाटक उघडायचं आणि दुसऱ्या शिट्टीला बंद व्हायचं. जाऊन-येऊन जेमतेम दीड तास हातात राहायचा. तेवढ्यात ओढ्याकाठचं अळू निंदायचं, रताळ्यांचे वेल उचलायचे, मक्याला माती लावायची. त्या बाजूला ती अजून पोचलीच नव्हती.

आज ती कोयता घेऊन तिकडं घुसली. गवत कापत कापत वरच्या नांद्रुकीच्या झाडापासून ओढ्याकडं उतरली. गवताखालची माती जागोजागी खचलेली होती. पाऊलभर रुंद खळगा, मग तीन पावलं, मग पुन्हा खळगा. तिनं गुडघे टेकले आणि एका खळग्यात बोटं घातली. माती पोकळ होती. तळाशी गड्ड्याचा एक अर्धा तुटलेला तुकडा लागला, काळा पडलेला, सडका वास येणारा. कुणीतरी कुदळीनं खणून सगळे गड्डे काढून नेले होते आणि घाईत हा अर्धा राहिला होता.

गाथोनी तो तुकडा हातात घेऊन बसून राहिली. बांध कोरणारे तिनं पाहिले होते. वीतभर, हातभर सरकवायचे आणि वर शपथा घ्यायचे. पण अख्खा बांध पुसून टाकणारा तिनं बापजन्मात पाहिला नव्हता. पुढल्या आठवड्यात मोजणी होती. साहेब साखळी घेऊन येणार, आणि ज्याचं शेत जिथवर, तिथवर खुंट्या ठोकून कागदावर चढवणार. कागदावर चढलं की मग कुणाच्या बापाला हलवता येत नाही, असं सगळेच म्हणत होते. मधला बांधच नसेल तर हे शेत आणि ते शेत एकच. आणि ते एक शेत कुणाचं, हे सांगायला थेउरी इथं नव्हता.

तिचा नवरा थेउरी तीन वर्षांपूर्वी जंगलात गेला होता, गोऱ्यांनी घेतलेली जमीन परत मिळवायला. जाताना तिला काही बोलला नाही. फक्त कोयता घासून धार लावली आणि आंबील पिऊन भोपळा उपडा ठेवला. त्याच वर्षी वाहोमेनं सरकारचा पट्टा दंडाला बांधला आणि होमगार्ड झाला. एका आईच्या पोटचे दोघे. एक डोंगरावर, एक चौकीवर.

शिट्टी झाली. तिनं रताळ्यांची टोपली पाठीवर घेतली, चामडी पट्टा कपाळावरून ओढला आणि वाटेला लागली. त्या पट्ट्यानं ह्या भागातल्या प्रत्येक बाईच्या कपाळाला खोबण पडलेली असते. गाथोनीची जरा जास्तच खोल होती, कारण तिचं ओझं वाटून घ्यायला कुणी नव्हतं. पुढं चाललेल्या बायका आपसांत बोलत होत्या. ती जवळ आली तशा गप्प झाल्या आणि पाय उचलायला लागल्या. जंगलवाल्याच्या बायकोशी बोललं की चौकीत बोलावणं यायचं. बायकांचंही चुकत नव्हतं. पूर्वी ह्याच बायका तिला ‘वांजुगूची आई’ म्हणून हाका मारायच्या. वांजुगू तिची पोरगी, रीतीप्रमाणं आजीचं नाव ठेवलेली. नव्या गावात कोंडल्यावर पहिल्याच थंडीत ती तापानं गेली. ती गेल्यावर त्या नावानं हाक मारायला कुणी उरलं नाही, आणि दुसरी हाक कुणी शोधली नाही.

गाव म्हणजे खंदकाच्या आत दाटीनं उभारलेल्या झोपड्या. खंदकात टोकदार बांबू, वर लाकडी फळ्यांचा पूल, पुलापलीकडं फाटक. फाटकात त्या दिवशी वाहोमे होता आणि त्याच्या जोडीला दुसरा एक गार्ड, खालच्या गावचा, दात पुढं आलेला.

“ए, जंगलवाल्याची! टोपली खाली ठेव,” वाहोमे ओरडला.

तिनं ठेवली. जंगलात कुणाला शिधा जाऊ नये म्हणून टोपल्या जाताना तपासायच्या, पण हे लोक येतानाही तपासत. वाहोमे खाली वाकला, रताळी चिवडायला लागला, आणि ओठ न हलवता म्हणाला, “मोजणीच्या दिवशी घरी ऱ्हा. ताप आलाय म्हण.”

गाथोनीच्या डोक्यात तिडीक गेली. बांध पुसायचा तो पुसायचा, वर दमही भरायचा. ती त्याच्या बुटावर थुंकली.

“अर्र, थुकली की रं वाहोमे तुझ्या बुटावर!” दातवाला खो खो हसला. “घरातली बाय, अन् एवढा मान?”

वाहोमे सरळ झाला. त्याचा चेहरा क्षणभर अगदी लहानपणीसारखा झाला होता. मग त्यानं बुटाच्याच टोकानं टोपली उलथी केली. रताळी चिखलात घरंगळली, दोन खंदकात गेली. गाथोनी एकेक वेचत राहिली आणि दातवाला मोजत राहिला. एकोणीस निघाली.

त्यानंतर तिनं एकच ध्यास घेतला. बांध लावताना हजर असलेलं माणूस शोधायचं. सासरा गिथायगा मरून दहा वर्षं झाली होती. दोन पोरांना शेत वाटून देताना त्यानं बकरा कापला होता. बकऱ्याच्या कोठ्यातलं अर्धवट पचलेलं गवत रेघेवर शिंपडलं होतं काबोगोनं आणि गड्डेही त्यानंच लावले होते. काबोगो अजून जिवंत होता.

सकाळची वेठ उतारावर पायऱ्या खणायची. बायका रांगेनं कुदळी मारायच्या आणि गार्ड म्हणेल ते गाणं म्हणायच्या. न म्हणणारीला दुपारची सुट्टी नाही. गाथोनी गाणं म्हणायची, पण तिचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटायचा. दिवसभरात तो एवढ्यापुरताच बाहेर पडायचा. हात कुदळीच्या दांड्याला चिकटलेले, पाठीवर धुक्याचं पाणी, आणि डोक्यात एकच गोष्ट. वेठ सुटल्यावर ती आडवाटेनं काबोगोच्या झोपडीमागं गेली.

म्हातारा पोळ्यासाठी ओंडका कोरत बसला होता. असे कोरलेले ओंडके झाडावर टांगले की त्यात मधमाश्या राहतात. आता झाडांपर्यंत जायची परवानगी नव्हती, तरी तो कोरत होता.

“आजा,” ती म्हणाली.

काबोगोनं मान वर केली नाही. “कोण हाय?”

“थेउरीची बायको.”

“मला दिसत न्हाई आता. डोळ्यांत पडदा आलाय.”

“दिसाया नको. आठवतं का तेवढं सांगा. नांद्रुकीपास्नं ओढ्यापर्यंत इतोका कुणी लावला?”

पटाशीचा ठोका चुकला. म्हाताऱ्यानं लाकडावरचा भुगा फुंकला. “लय जुनी गोष्ट झाली बाई.”

“तुमीच लावला. आता तो कुणीतरी उपटलाय, आजा. मोजणीला तुमी नुसतं उभं ऱ्हावा अन् बोट दाखवा. जास्त मागत न्हाई मी.”

“माझा एक नातू तारंच्या कुंपणात कैदी हाय, एक चौकीत गार्ड हाय,” काबोगो म्हणाला. “मी बोट दाखवाया लागलो तर कुणाकडं दाखवू?” मग त्यानं आवाज आणखी खाली आणला. “पोरी, मोजणीला जास्त बोलणारं तोंड मागनं उपाशी मरतं. झाकली मूठ झाकलेलीच ऱ्हाऊ दे. जा आता, कुणीतरी बघल.”

“डोळ्यांत पडदा आलाय ते खरं,” गाथोनी म्हणाली, “पर जिभेवर कशापायी आला, आजा?”

ती परत फिरली तेव्हा मागं पटाशीचे ठोके पुन्हा सुरू झाले. भेकड, असं ती मनात म्हणाली. सगळे भेकड. भरल्या गावात आपण एकट्या, आणि हे असंच चालायचं. तिला रडू आलं, पण वाट गार्डांच्या झोपड्यांवरून जात होती म्हणून तिनं ते गिळलं.

आता राहिली सासू. ती वाहोमेकडं राहायची, चौकीलगतच्या बऱ्या झोपडीत. तिथं गाथोनीला जाता येत नव्हतं. दोन दिवस ती पाणवठ्यावर रेंगाळली. तिसऱ्या दिवशी म्हातारी एकटी दिसली. भोपळ्यात पाणी भरत होती.

गाथोनीनं तो घेतला, भरला आणि तिच्या पाठीशी बांधता बांधता बोलून टाकलं. खळगे, तुटका गड्डा, फाटकातली धमकी, सगळं. सासूनं ऐकून घेतलं. तिच्या तोंडात दात उरले नव्हते. ऐकताना ती हिरड्या चावत राहिली.

“वाहोमेनं उपटला?”

“दुसरं कोण बाहीर जाऊ शकत हुतं, आत्याबाई? आमी तर कोंडलेल्या.”

“मला म्हणला, शेताकडं समदं ठीक हाय.” “मला दोनच डोळं हाईत गं. कुठला फोडू म्हणतीस?”

“डोळा फोडा असं कुठं म्हणते? थेउरी येईल एक दिस. भाकर मागणार न्हाई तो, माझी जमीन कुठं हाय इचारंल. तवा मी त्याला काय दाखवू? पोरगी तर दाखवायला ऱ्हायली न्हाई.”

तिला खरंच वाटत होतं की थेउरी येईल. जमिनीचा तुकडा राखला तर येईल आणि नाही राखला तर येणार नाही, असं एक वेडं गणित तिच्या मनानं जुळवलं होतं. कुणाला सांगितलं असतं तर हसलं असतं. पण सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ते आत पक्कं होत गेलं होतं.

“गड्ड्यांची टोपली माझ्या डोक्यावर हुती त्या दिशी,” सासू म्हणाली. “एकेक गड्डा मी काबोगोच्या हातात दिलाय. तेवीस हुते.” आणि ती चढ चढायला लागली. भोपळ्यातलं पाणी तिच्या पाठीवर सांडत होतं.

मोजणीच्या दिवशी ऊन पडलं होतं. आदल्या रात्रीच्या पावसानं डोंगर धुऊन निघाला होता आणि वरचं बर्फ उघडं पडलं होतं. असं शिखर उघडं दिसलं की ह्या भागातली माणसं दोन घटका हातातलं काम थांबवतात. त्या दिवशी कुणी थांबलं नाही. नांद्रुकीखाली टेबल मांडलं होतं. साहेब कोवळा होता, गुडघे उन्हानं लाल झालेले, टोपी सारखी मागं सारत होता. त्याच्या शेजारी कारकून, खालच्या जिल्ह्यातला, धुतलेली पांढरी विजार घातलेला. समितीची सहा म्हातारी माणसं स्टुलांवर बसली होती. त्यात काबोगोही होता. साखळी धरणारे दोघे चिखलात उभे होते.

वरच्या तीन शेतांना वेळ लागला नाही. मग कारकुनानं वाहोमेचं नाव पुकारलं.

वाहोमे पुढं आला. बूट घासलेले, पट्टा आवळलेला, बंदूक खांद्याला. “वरच्या वाटंपास्नं खाली ओढ्यापर्यंत,” तो म्हणाला, “अन् ह्या नांद्रुकीच्या दोन्ही अंगाला. समदं एकच शेत. बापानं मला दिलं.”

“समिती?” कारकुनानं विचारलं.

सहाही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. कुणी वर पाहिलं नाही. कारकुनानं ते साहेबाला त्याच्या भाषेत सांगितलं आणि लेखणी बुडवली.

“कुणाची हरकत?”

“माझी हाय,” गाथोनी म्हणाली.

गर्दी दोन बाजूंना सरकली, जणू तिच्या अंगाला आग लागली होती. ती पुढं आली. हातात पानात गुंडाळलेला गड्ड्याचा तुकडा होता. वाहोमे झटकन तिच्या आणि टेबलाच्या मधे आला.

“बाईला ताप हाय,” तो कारकुनाला म्हणाला. “पोरगी मेल्यापास्नं तिचं डोकं ठिकाणावर न्हाई. तुमी लिवा, कारकूनसाहेब.”

त्यानं पोरीचं नाव मधे आणलं नसतं तर ती कदाचित चाचरली असती. आता तिला कशाचीच भीती उरली नाही. तिनं पान उलगडून तुकडा टेबलावर, थेट कागदावर ठेवला.

“हा इतोका हाय. ह्या झाडापास्नं ओढ्यापर्यंत बांध हुता. हा माणूस म्हणतो शेत एक हाय. मग खणलेलं खळगं कशाचं? समितीतल्या समद्यांना ठावं हाय. कोण बोलत न्हाई. ज्यांनी टोपली धरली त्या माझ्या सासूला इचारा.”

साहेबानं तुकडा लेखणीच्या टोकानं उलटा केला आणि काहीतरी विचारलं. कारकून म्हणाला, “म्हातारी आलीय का?”

सासू मागं गवतात बसली होती. ती उठली. वाहोमे तिच्याकडं वळला, आणि त्याच्या तोंडावरचा सगळा सरकारी ताठा उतरला.

“आई,” तो म्हणाला, “तू दमलीस. बस खाली. तुला आठवत न्हाई आता.”

“मला आठवतंय,” ती म्हणाली.

“आई, माझं ऐक. घरी गेल्यावर बोलू आपण.”

“आजवर कवा बोललास रं घरी?”

साक्षीदारानं पुढं चालायचं आणि लोकांनी मागून, ही जुनी रीत. साक्षीदार खोटं चालला तर त्याचं खोटं त्याच्या पोटच्या पोरांवर येतं, असं मानतात. सासूनं अंगावरचं घोंगडं सारखं केलं, नांद्रुकीला पाठ लावली आणि चालायला लागली. तीन पावलं, मग काठी टेकवायची. काठी वीतभर आत जायची. “एक,” ती म्हणायची. पुन्हा तीन पावलं. “दोन.” साहेब मागून चालत होता आणि प्रत्येक वेळी वाकून बघत होता. दहा-बारा खळगे झाल्यावर तो हसला आणि काहीतरी बोलला.

“साहेब म्हणतात, म्हातारी आमच्या साखळीपेक्षा पक्की आहे,” कारकुनानं सांगितलं.

लोकांत कुणी हसलं नाही. पण गाथोनीला आतून इतकं हलकं वाटलं की तिचा हात आपोआप तोंडावर गेला. ती हसत होती. तीन वर्षांत पहिल्यांदा. ओढ्याच्या काठावर काठी शेवटची आत गेली. “तेवीस,” सासू म्हणाली आणि तिथंच मटकन बसली.

खुंट्या ठोकल्या गेल्या. कारकून ओढ्याकाठच्या दगडावर वही उघडून बसला. “ह्या अंगाचं वाहोमे गिथायगा,” त्यानं लिहिलं. “आणि त्या अंगाचं कुणाचं?”

“माझ्या नवऱ्याचं,” गाथोनी म्हणाली. मग तीन वर्षं मोठ्यानं न उच्चारलेलं नाव तिनं सगळ्या गावासमोर, मान वर करून घेतलं. “गिथायगाचा थोरला. थेउरी.”

कारकुनाची लेखणी थांबली. त्यानं ती वही बाजूला ठेवली आणि पिशवीतून दुसरी, पातळशी काढली. तिच्यातल्या नावांवरून बोट खाली खाली नेलं. बोट एका ठिकाणी थांबलं. त्यानं ते साहेबाला दाखवलं. साहेबाचं हसू गेलं. त्यानं खांदे उडवले आणि दोन शब्द बोलला.

“जंगलात गेलेला,” कारकून म्हणाला. “जप्त. इथं सरकारी कॉफीची रोपवाटिका होईल.”

गाथोनीला कळेना. “पर बांध तर खरा निघाला. साहेबांनी सवता बघितला.”

“बांध बरोबरच आहे बाई,” कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, एवढं काम आणखी किती चालणार एवढीच काळजी होती. “म्हणूनच तर जप्त. शेत एकच असतं तर जप्त करायला काही नव्हतं. राजनिष्ठाच्या शेताला कोण हात लावतो?”

तिनं वळून पाहिलं. समितीतली सहाही माणसं जमिनीकडं बघत होती. काबोगोनं तर पडदा आलेले डोळे मिटूनच घेतले होते. बायका अंगावरच्या कापडाची टोकं चावत उभ्या होत्या. आणि त्या सगळ्या तोंडांवर एकच गोष्ट होती. तिला ती वाचायला एवढा वेळ लागला, कारण इतके दिवस त्या तोंडांकडं तिनं बघायचंच सोडलं होतं. त्यांना ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की वाहोमेनं बांध का उपटला. सगळं गाव ते पोटात घालून बसलं होतं. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

वाहोमेला साहेबानं जवळ बोलावलं. सरकारला फसवलं, एवढंच कारकून म्हणाला. दातवाल्या गार्डनं पुढं होऊन त्याची बंदूक घेतली, दंडाचा पट्टा सोडला, मग कमरेचाही. चड्डी सरकारी मापाची, सैल. ती घसरायला लागली तशी वाहोमेनं एका मुठीत पकडली. कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

उभं पीक काढून न्यायला तिला दुसऱ्या शिट्टीपर्यंत मुभा मिळाली. लोक पांगले. सासूला दोन बायकांनी धरून वर नेलं. गाथोनी ओढ्याकाठच्या चिखलात उतरली आणि अळू उपटायला लागली. गड्डे अजून पुरते भरले नव्हते, मुठीएवढेच होते. देठाच्या बुडाशी दोन्ही हातांनी धरायचं, हलवायचं, चिखलानं सोडलं की ओढायचं. एक, मग दुसरा. तिला काही वाटत नव्हतं. फक्त हात चालले होते आणि पाय गार पडले होते.

मागं पाण्यात पाय वाजले. वाहोमे होता. बूट काढलेले, चड्डीला केळीच्या सोपटाची दोरी बांधलेली. तो काही न विचारता दुसऱ्या टोकाला वाकला आणि उपटायला लागला. दोघांमधली अळूची ओळ आखडत आली.

“मला सांगायचं हुतंस,” ती शेवटी म्हणाली.

“सांगितलं की. फाटकात.”

“ताप आलाय म्हण, म्हणालास. ते काय सांगणं झालं?”

“बाजूला तो दातवाला हुता. त्याच्याम्होरं आणिक काय सांगू? तू अन् मी बोलताना दिसलो असतो तर ती जप्तीची वही आधीच उघडली असती.” त्यानं एक गड्डा पाण्यात खळबळला. “अन् एकटी गाठून सांगितलं असतं, तर तू ऐकलं असतंस का, वहिनी?”

गाथोनीनं विचार केला. खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. “न्हाई,” ती म्हणाली. “थुकले असते.”

“मग?”

“काबोगोला तू सांगितलंस?”

“कुणालाच न्हाई सांगितलं. बांध न्हाईसा झालेला बघितला अन् ज्यानं त्यानं आपापलं वळखलं. आईला तेवढं कळू दिलं न्हाई. तिच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, म्हणून.” तो जरा थांबला. “मला वाटलं, ती तुझ्याशी कुठं बोलतीय.”

वर वाटेवर साखळीवाले साखळी गुंडाळत होते. कड्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. गाथोनीनं उपटलेल्या अळूची पानं कोयत्यानं तोडली आणि गड्डे टोपलीत टाकले.

“त्याला परत दिलं असतंस?” तिनं विचारलं. “तो आल्यावर?”

वाहोमे वाकलेलाच राहिला. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलात होते. “आता काय सांगू?” तो म्हणाला. “व्हय म्हणलो तरी तू कशावरनं खरं धरणार? मला तरी काय ठावं.”

त्याच्या ह्या उत्तराचा तिला राग आला नाही. ‘हो’ म्हणाला असता तर आला असता. टोपली भरली तशी त्यानं ती उचलून धरली. तिनं पट्टा कपाळाच्या खोबणीत बसवला आणि भार अंदाजून उभी राहिली. फाटकाकडून शिट्टी झाली. दोघांनाही आता तिथून एकाच रांगेतून आत जायचं होतं.

“दादा आला तर,” वाहोमे मागून म्हणाला, “काय सांगशील त्याला?”

गाथोनी चढ चढत राहिली. भारामुळं मान वळवता येत नव्हती.

“सांगीन,” ती म्हणाली, “की बांध जिथल्या तिथं हाय.”